सुट्टीची सावड

कोकणातील भातशेतीत सावडीची पद्धत पूर्वापार चालत आली आहे. आज एका घरची माणसे शेजाऱ्याच्या शेतात लावणीला जातात; उद्या शेजाऱ्याच्या घरची माणसे त्यांच्या शेतात येतात. रोख पैशाची देवघेव होत नाही, तथापि हिशेब काटेकोर असतो. माणसाचा एक दिवस माणसाच्या एका दिवसाने फिटतो, हे सहज समजते. परंतु बैलजोडीचा एक दिवस माणसांच्या किती दिवसांनी फिटावा, याविषयी काहीएक ठराव असल्यावाचून सावड फार काळ टिकत नाही. गलोंड्यासारख्या भातपिकाच्या मुलुखात ही गोष्ट फोड करून सांगण्याचे कारण नाही. सुट्टीतील निवासाच्या व्यवहारात ‘टाइमशेअर पॉइंट’ म्हणून जे काही विकले जाते, ते मुळात अशाच प्रकारच्या ठरावाचे माप होय.

टाइमशेअर म्हणजे निवासाच्या काळाची वाटणी. थंड हवेच्या ठिकाणी घर बांधावे आणि वर्षातील पन्नास आठवडे त्याला कुलूप असावे, हे मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडण्यासारखे नसते. तेच घर पन्नास कुटुंबांनी एकेक आठवडा वाटून घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च आटोक्यात राहतो. या कल्पनेला युरोपात १९६० नंतरच्या दशकात व्यापारी रूप आले. स्वित्झर्लंडमधील हापीमाग ही संस्था १९६३ मध्ये स्थापन झाली. त्याच दशकात फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातही असा प्रयोग झाला. भारतात स्टर्लिंग ही कंपनी १९८६ मध्ये आणि महिंद्र हॉलिडेज ही १९९६ मध्ये स्थापन झाली. या दोन कंपन्यांमुळे ‘पंचवीस वर्षे, दर वर्षी सात दिवस’ हे शब्द पुण्या-मुंबईच्या घराघरांत पोहोचले.

पहिल्या काही वर्षांतच या पद्धतीतील एक उणीव ध्यानात आली. तेच ठिकाण, तोच आठवडा आणि त्याच भिंती, असा क्रम वर्षानुवर्षे चालला की सुट्टीतील नवलाई संपते. एखाद्या वर्षी मुलांची परीक्षा नेमक्या त्याच आठवड्यात येते आणि हक्क असूनही तो वाया जातो. यावर तोडगा म्हणून अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरी जॉन आणि क्रिस्टेल डीहान या दांपत्याने १९७४ मध्ये आर. सी. आय. ही अदलाबदल संस्था काढली. इंटरव्हल इंटरनॅशनल ही दुसरी मोठी संस्था १९७६ मध्ये निघाली. एका रिसॉर्टच्या सभासदाने आपला आठवडा संस्थेकडे जमा करावा आणि दुसऱ्याने जमा केलेला आठवडा तिच्याकडून घ्यावा, असा हा व्यवहार. आज आर. सी. आय.शी संलग्न असलेल्या रिसॉर्टांची संख्या हजारांच्या घरात आहे.

परंतु आठवड्याला आठवडा, हा न्याय दिसतो तेवढा सरळ नाही. डोंगरावरील मे महिन्याचा आठवडा आणि तेथीलच जुलैचा आठवडा यांना एकच किंमत कशी द्यावी? दोन माणसांची खोली आणि सहा माणसांचे घर यांची बरोबरी कोणत्या मापाने करावी? सावडीतील बैलजोडीचाच हा प्रश्न. त्याचे उत्तर म्हणून पॉइंट आले. निवासाच्या प्रत्येक रात्रीला काही पॉइंट ठरवून दिले जातात. ते ठरवताना मुख्यतः चार गोष्टी पाहतात : ठिकाणाला असलेली मागणी, हंगाम, घराचा आकार आणि राहण्याच्या रात्री. सभासदाच्या हक्काचे मूल्यही याच मापाने मोजून तितके पॉइंट दर वर्षी त्याच्या खाती जमा होतात. मग त्याने ते कोठे आणि केव्हा खर्च करावे, हे नियमांच्या मर्यादेत त्याने ठरवायचे असते.

एक उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. यातील आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. गलोंड्यातील एका कुटुंबाला दर वर्षी ४०,००० पॉइंट मिळतात, असे समजावे. घरातील कर्ता सिल्वासाच्या एका कारखान्यात नोकरीला आहे आणि दोन मुले शाळेत जातात. एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी मे महिन्यातील सात रात्रींसाठी ६०,००० पॉइंट लागतात. तेथेच जुलैत २४,००० पुरतात. पहिल्या वर्षी हे कुटुंब जुलैत जाऊन आले, तर त्याचे १६,००० पॉइंट उरतात. ते पुढील वर्षी ओढून घेता आले, तर दुसऱ्या वर्षी खात्यात ५६,००० होतात. मे महिन्याच्या आठवड्याला उणे पडणारे ४,००० पॉइंट तिसऱ्या वर्षाच्या वाट्यातून उसने घेता येतात. मे महिना पदरात पडतो, पण तिसऱ्या वर्षी हाती ३६,००० च राहतात. साठवणे, उसने घेणे आणि आठवड्याऐवजी दोन-तीन रात्रींचे तुकडे करून वापरणे, या तीन सोयी पॉइंट-पद्धतीचा खरा लाभ होत. मात्र साठवलेल्या पॉइंटांना मुदत असते. ती उलटली की पॉइंट बुडतात, आणि त्या वर्षाची वर्गणी भरलेली असली तरी ते परत मिळत नाहीत.

येथवर ऐकणाऱ्याला असे वाटण्याचा संभव आहे की, पॉइंट म्हणजे एक प्रकारचे चलनच. सर्वांत मोठा गैरसमज याच ठिकाणी होतो. चलनाने बाजारात जे असेल ते घेता येते, आणि माल अपुरा असेल तर अधिक पैसे मोजून तो मिळवता येतो. पॉइंटांचे तसे नाही. अदलाबदल संस्थेच्या मालकीची घरे बहुधा नसतात. तिच्या कोठारात सभासदांनी आणून टाकलेले आठवडेच तेवढे असतात. महाबळेश्वरचा मे महिना ज्याच्या हातात आहे, तो स्वतःच तेथे जातो. तो आठवडा जमा करणारा विरळा. उलटपक्षी पावसाळ्यातील आणि आडदिवसांचे आठवडे मुबलक जमा होतात. म्हणून खात्यात पॉइंट असूनही हवी ती जागा मिळत नाही, अशी तक्रार जगभर ऐकू येते. पॉइंट असणे म्हणजे रांगेत उभे राहण्याचा अधिकार असणे होय. रांगेच्या शेवटी काय मिळेल, हे इतरांनी काय सोडले आहे यावर अवलंबून असते.

हे एकदा ध्यानात आले म्हणजे या पद्धतीचा उपयोग कसा करावा, याचे नियम आपोआप हाती येतात. पहिला नियम वेळेचा. ज्या रिसॉर्टमध्ये हक्क घेतला, तेथील नोंदणी त्या सभासदांसाठी सामान्यतः आधी खुली होते आणि बाहेरच्यांसाठी मागाहून. यास्तव गर्दीच्या हंगामातील मागणी दहा-बारा महिने आधी नोंदवावी. जेथे पूर्ण आठवडा जमा करण्याची पद्धत आहे, तेथे तो जितका लवकर जमा करावा तितकी त्याची किंमत अधिक धरली जाते. अगदी तोंडावर जमा केलेल्या आठवड्याचे मोल घटते. शिवाय एकदा जमा केलेला आठवडा सहसा परत घेता येत नाही, हेही विसरू नये.

दुसरा नियम मन मोकळे ठेवण्याचा. एकच ठिकाण आणि एकच तारीख धरून बसणाऱ्याला प्रतीक्षायादीत राहावे लागते. तीन ठिकाणे आणि दोन-तीन आठवडे सुचवणाऱ्याचे काम लवकर होते. मुक्कामाची तारीख जवळ येऊनही जी घरे रिकामी असतात, ती पुष्कळदा कमी पॉइंटांत दिली जातात. कारण रिकामी गेलेली रात्र दुसऱ्या दिवशी कोणालाही विकता येत नाही. ज्यांना शाळेच्या वेळापत्रकाचे बंधन नाही, अशा निवृत्त दांपत्यांना याचा फायदा विशेष होतो.

या संदर्भात दादरा आणि नगर हवेलीची स्थिती मोठी बोधप्रद आहे. दमणगंगेचे पात्र, मधुबन धरणाचा जलाशय, दुधनीचा काठ आणि खानवेलची हिरवी टेकाडे हे गलोंडेकराचे रोजचे शेजार. तेच पाहण्यासाठी मुंबई, सुरत आणि वापीकडची कुटुंबे पावसाळ्यात व शनिवार-रविवारी इकडे येतात. गलोंडेकराचे मन मात्र समुद्राकडे किंवा बर्फाकडे धावते. एकाचे रोजचे अंगण ते दुसऱ्याचे पर्यटन, या साध्या सत्यावरच अदलाबदलीचा सारा डोलारा उभा आहे. आपल्या हाती असलेला आठवडा कोणाला हवा आहे आणि केव्हा हवा आहे, हे ज्याला समजले त्याला त्या आठवड्याचे मोल समजले. जवळपास कोणी हक्क घेतलाच, तर घरापासूनच्या त्या अंतरावर तो स्वतः क्वचितच राहील. तो घ्यावयाचा असेल तर अदलाबदलीच्या हिशेबानेच घ्यावा लागेल.

आता खर्चाकडे वळले पाहिजे. येथेही आकडे उदाहरणादाखल आहेत. पंचवीस वर्षांच्या सभासदत्वाला ५,००,००० रुपये पडले आणि दर वर्षी सात रात्री मिळाल्या, तर एकूण रात्री १७५ होतात. म्हणजे एका रात्रीला सुमारे २,८५७ रुपये. वार्षिक देखभाल वर्गणी २०,००० रुपये असेल, तर तिचा भार एका रात्रीवर आणखी तितकाच पडतो. अदलाबदलीचे शुल्क सात रात्रींना ७,००० रुपये धरल्यास दर रात्री १,००० वाढले. बेरीज सुमारे ६,७०० रुपये झाली. यात प्रवास नाही, जेवणखाण नाही, कर नाही. पाच लाखांची रक्कम बँकेत सहा टक्क्यांनी ठेवली असती, तर पहिल्याच वर्षी तिच्यावर ३०,००० रुपये व्याज आले असते. तेही या हिशेबाबाहेरच राहिले. देखभाल वर्गणी दर वर्षी वाढण्याची शक्यता असते आणि एखाद्या वर्षी कोठेही जाणे झाले नाही तरी ती भरावी लागते. त्याच दर्जाची खोली त्याच दिवसांत थेट भाड्याने घेतल्यास काय पडेल, हे या बेरजेशेजारी मांडून पाहावे. दर वर्षी न चुकता प्रवास करणाऱ्या कुटुंबाला हा सौदा पुष्कळदा लाभतो. तीन वर्षांतून एकदा बाहेर पडणाऱ्याला तो क्वचितच परवडतो.

हिशेबाची ही दृष्टी नसली म्हणजे काय घडते, याचे दुःखद उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने हॉटेलातील निवासाच्या रात्री विकण्याच्या योजना काढल्या. मुदतीत निवासाचा उपयोग केला नाही, तर वाढीव रक्कम परत मिळेल, असे त्यांत आश्वासन होते. लोकांनी रात्री विकत घेतल्या त्या मुख्यतः या परताव्याच्या आशेने. ही निवासाची सोय नसून नोंदणी न केलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे, असे ‘सेबी’ने ठरवले, आणि २९ फेब्रुवारी २०१६ रोजी सुमारे ७,०३५ कोटी रुपये गुंतवणूकदारांना परत करण्याचा आदेश दिला. गुंतवणूकदारांची संख्या पन्नास लाखांवर होती. अनेकांची आयुष्याची पुंजी तीत अडकली. आदेश निघाला म्हणून पैसा लगेच हाती येतो असे नाही, हेही त्यांना पुढील वर्षांत कळून चुकले.

यावरून एक खूणगाठ बांधून ठेवावी. टाइमशेअर हा उपभोगाचा हक्क आहे. तो बचतीचा मार्ग नव्हे. विक्रेता निवासाऐवजी परताव्याविषयी बोलू लागला, अथवा पुढे हा हक्क चढ्या भावाने विकता येईल असे सांगू लागला, की तेथून उठावे. असे जुने हक्क विकू पाहणारे पुष्कळ असतात आणि घेणारे थोडे.

युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार टाइमशेअर आणि अदलाबदल या दोन्ही करारांतून चौदा दिवसांच्या आत कारण न देता माघार घेता येते. भारतात या व्यवसायासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे माघारीची मुदत किती, हे करारातच लिहिलेले पाहावे लागते. तथापि ग्राहक अगदीच निराधार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये तक्रारदाराला आपल्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी कंपनीच्या गावी खेटे घालण्याची गरज नाही. तक्रार सामान्यतः दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ हा आहे.

आयोगापुढे टिकतो तो मात्र लेखी शब्द. विक्रीच्या सभेतील चहापान, भेटवस्तू आणि ‘आजच सही केल्यास सवलत’ ही घाई यांना तेथे स्थान नाही. म्हणून सहीपूर्वी काही प्रश्न लेखी विचारावेत. दर वर्षी किती पॉइंट मिळणार आणि गेल्या हंगामात कोणत्या ठिकाणी किती पॉइंट लागले? कंपनीला हा तक्ता मध्येच बदलता येतो काय? साठवलेल्या पॉइंटांची मुदत कोणती? देखभाल वर्गणी कोणत्या प्रमाणाने वाढेल आणि ती थकल्यास हक्काचे काय होईल? बाहेरच्या अदलाबदल संस्थेचे सभासदत्व वेगळे घ्यावे लागते काय? आपल्याऐवजी भावाला किंवा मुलीला पाठवावयाचे झाल्यास कोणते शुल्क पडेल? ज्या कंपनीला या प्रश्नांची उत्तरे कागदावर देण्यात अडचण वाटते, तिच्याशी पंचवीस वर्षांचे नाते जोडण्याची कुटुंबाने घाई करू नये. इंग्रजी करार घरी आणावा, जाणत्याकडून त्याचा अर्थ मराठीत किंवा गुजरातीत समजून घ्यावा, घरातील सर्वांनी बसून पुढील पाच वर्षांत खरोखर कितीदा बाहेर पडणे होईल याचा अंदाज करावा आणि मगच सहीचा विचार करावा.