शिकवणारा आणि निवडणारा

मीरा-भाईंदरहून आगगाडीने दक्षिणेस गेले, की अंधेरी लागते. तेथील क्रीडांगणावर नावारूपास आलेला मुंबई सिटी हा व्यावसायिक फुटबॉल संघ २०१४ साली स्थापन झाला. पहिल्या सहा हंगामांत त्याला एकदाही इंडियन सुपर लीगचा चषक लाभला नाही.

२०१९ साली सिटी फुटबॉल समूहाने संघाचा मोठा वाटा घेतला. पुढच्या वर्षी सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक झाले. चेंडू स्वतःकडे राखून पुढे सरकणे, ही त्यांची पद्धत. २०२१ साली संघाने चषक जिंकला. नंतर लोबेरांनी पद सोडले. परंतु पद्धत टिकली. कारण पुढील दोन्ही प्रशिक्षक, डेस बकिंगहॅम व पेट्र क्राटकी, याच समूहाच्या मेलबर्न येथील संघात साहाय्यक होते. २०२३ मध्ये संघ साखळीत पहिला आला. २०२४ मध्ये चषक पुन्हा त्याचाच झाला.

मुलांनो, गोल करणारा सर्वांना दिसतो. पण यश टिकवायचे, तर शिकवणारा आणि त्याला पारखून निवडणारा, दोघेही हवेत.