भाड्याचें यंत्र, झटपट निकाल आणि अपील

लातूर तालुक्यांतील मुरुड हें बाजारपेठेचें गांव. तेथील एखाद्या गिरणीवाल्यानें तुरीची डाळ करण्याचें यंत्र लेखी करारानें पांच वर्षांकरितां भाड्यानें घेतलें, अशी कल्पना करा. यंत्र वारंवार बंद पडूं लागलें, म्हणून त्यानें भाडें थांबविलें. कंपनीनें यंत्र उचलून नेलें आणि थकलेलें भाडें तर मागितलेंच, शिवाय उरलेल्या तीन वर्षांचेंहि भाडें मागणारा दावा लाविला. साक्षीपुरावा नाहीं, उलटतपासणी नाहीं, आणि हुकूमनामा झाला!

हें ऐकून नवल वाटेल. पण कायद्यानें ही वाट मुद्दाम ठेविली आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३७ व्या आदेशाप्रमाणें, लेखी करारावरून ठराविक रकमेची मागणी असेल तर प्रतिवादीस बचावाचा हक्क आपोआप मिळत नाहीं. समन्स पोंचल्यापासून १० दिवसांत त्यानें हजर व्हावें. पुढें निकालाचें समन्स आल्यावर आणखी १० दिवसांत प्रतिज्ञालेख देऊन बचावाची परवानगी मागावी. ती नाकारली गेली कीं वादी हुकूमनाम्यास पात्र होतो. व्यापारी न्यायालयांत १३-अ या आदेशाखालीं साध्या दाव्यांतहि असा निकाल मागतां येतो.

या हुकूमनाम्यावर अपील आहे, आणि त्यांतच परवानगी नाकारणाऱ्या आदेशावरहि हरकत घेतां येते. मात्र 'यंत्र वाईट होतें' हें तेथें सिद्ध करावयाचें नसतें. तो प्रश्न चौकशीस योग्य होता, एवढेंच दाखवावयाचें असतें. मेकॅलेक इंजिनिअर्सच्या खटल्यांत खालच्या न्यायालयानें दिलेली परवानगी उच्च न्यायालयानें काढून घेतली होती. १९७६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती परत दिली. पुढें २०१६ सालीं हबटाउनच्या खटल्यांत त्याच न्यायालयानें नियमांची फेरमांडणी केली. बचाव भरीव असेल तर बिनशर्त परवानगी, प्रामाणिकपणाविषयीं शंका असेल तर रक्कम भरण्याची अट, आणि बचाव निव्वळ पोकळ असेल तरच नकार. म्हणून अपिलांत निदान सशर्त परवानगी तरी मागून ठेवावी. कंपनीस पाठविलेलीं तक्रारीचीं पत्रें मूळ प्रतिज्ञालेखास जोडलेलीं नसतील, तर मात्र काम अवघड. नवा पुरावा अपिलांत सहसा घेत नाहींत.

माझ्या मतें गिरणीवाल्याची खरी ताकद त्या तीन वर्षांच्या भाड्यांत आहे. थकलेलें भाडें ही ठराविक रक्कम खरी. परंतु यंत्र परत नेल्यानंतरचें भाडें ही नुकसानभरपाई होय. करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणें ती वाजवी तेवढीच मिळते, करारांत आंकडा कांहींहि असो. तेंच यंत्र कंपनीनें दुसऱ्यास भाड्यानें दिलें असेल तर? हें चौकशीवांचून कसें कळणार?

दावा व्यापारी न्यायालयांतील, म्हणजे ३ लाख रुपये वा अधिक किंमतीचा असेल, तर अपिलाची मुदत ६० दिवसांची. जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या न्यायालयाचा निकाल असल्यास लातूरकरांस औरंगाबादच्या खंडपीठाकडे जावें लागतें. लवादाच्या एका प्रकरणांत याच मुदतीवर महाराष्ट्र सरकारला १३१ दिवसांचा उशीर झाला. बोरसे ब्रदर्सच्या त्या निकालांत, २०२१ सालीं, सर्वोच्च न्यायालयानें तो माफ केला नाहीं. सरकारची ही गत, तर गिरणीवाल्याची काय कथा?

शिवाय अपील दाखल झाल्यानें वसुली थांबत नाहीं. कंपनी दरखास्त देऊन बँकेंतील खातें जप्त करवूं शकते. तहकुबीचा अर्ज अपिलाबरोबरच द्यावा, आणि रक्कम किंवा जामीन देण्याची तयारी ठेवावी. निकालाच्या नकलेसाठीं त्याच दिवशीं अर्ज करावा. नक्कल तयार होण्यास लागलेले दिवस मुदतींतून वगळले जातात.