प्रोग्राम ‘कधी कधी’ का अडकतो?

बोलींच्या अभ्यासात आता संगणकावाचून भागत नाही. बीड जिल्ह्यातील कडा व त्याच्या आसपासच्या खेड्यांतील बोलीचे नमुने लिहून घेऊन त्यांतील शब्दरूपांची वारंवारता मोजावयाची, तर कमांड-लाइनवरून एखादा प्रोग्राम चालविणे हाच सोयीचा मार्ग होय. तो मध्येच थांबवावयाचा झाल्यास आपण कंट्रोल-सी दाबतो. बहुधा तो थांबतो. क्वचित मात्र तो संपतही नाही आणि पुढेही सरकत नाही. अखेर त्याला बळाने संपवावे लागते व मोजणीची फाइल अर्धवट राहते. अर्धवट फाइल पूर्ण फाइलीसारखीच दिसते, हा खरा धोका. पुन्हा करून पाहावे तर दोष दिसत नाही आणि ‘कधी कधी असे होते’ एवढ्यावर विषय सोडला जातो.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी या ‘कधी कधी’वर समाधान मानू नये. ‘माझा’ यातील झ दंततालव्य, ‘माझी’ यातील तालव्य. पुढील स्वर न टिपता केवळ झ टिपीत गेल्यास हा भेद लहरी भासेल; स्वर टिपला की नियम दिसतो. अडकण्याच्या प्रकारात असा न टिपलेला परिसर म्हणजे व्यत्ययाचा क्षण.

युनिक्स कुळातील प्रणालींत ही कळ दाबताच अग्रभागी चाललेल्या प्रक्रियांच्या संपूर्ण गटाला सिगइंट हा संकेत जातो. प्रोग्रामने त्यासाठी स्वतःचे फलन नेमले असेल, तर चालू काम असेल तेथे तोडून ते फलन सुरू होते. समजा, अनेक धाग्यांत चालणाऱ्या प्रोग्रामात नेमक्या त्या क्षणी मॅलॉकने स्मृती मिळविण्यासाठी कुलूप लावले आहे. नेमलेले फलन ‘थांबत आहे’ असे छापण्यासाठी प्रिंटएफ वापरते, त्यालाही स्मृती लागते आणि ते त्याच कुलपापाशी थबकते. ज्या धाग्याने कुलूप लावले तोच खाली खोळंबलेला. ते उघडणार कोण? पोसिक्स मानकाने अशा प्रसंगी निर्धास्तपणे वापरता येणाऱ्या फलनांची यादीच दिली आहे. राइट तीत आहे. प्रिंटएफ व मॅलॉक नाहीत.

दोष पुन्हा घडवावयाचा तर हाताने कळ दाबून भागत नाही. माणसाचा हात फार स्थूल आहे. प्रोग्राम पुनःपुन्हा सुरू करून १ मिलिसेकंदापासून ५०० मिलिसेकंदांपर्यंत निरनिराळ्या विलंबाने संकेत पाठवावा आणि प्रत्येक वेळचा विलंब लिहून ठेवावा. येथे एक फसगत संभवते. स्क्रिप्टमध्ये ‘&’ लावून पार्श्वभूमीत सुरू केलेली प्रक्रिया, कार्यनियंत्रण बंद असल्यास, सिगइंटकडे दुर्लक्ष करण्याच्या स्थितीतच जन्मते. संकेत तिला ऐकूच येत नाही आणि प्रयोगकर्ता मात्र दोष सापडला म्हणून हर्षित होतो. शिवाय किलने एकाच प्रक्रियेला संकेत देणे व कळ दाबून साऱ्या गटाला देणे यांत अंतर आहे. यास्तव एक्स्पेक्टसारख्या साधनाने आभासी टर्मिनल उभे करून त्यात खरी कळच टाकणे अधिक विश्वसनीय.

प्रोग्राम अडकला की तो मारू नये. तोच पुरावा होय. पीएसने त्याची अवस्था पाहावी. ‘डी’ असल्यास तो बहुधा डिस्कच्या अथवा दूरस्थ फाइलींच्या प्रतीक्षेत असतो आणि ते प्रकरण निराळे. ‘एस’ असल्यास जीडीबी जोडून प्रत्येक धाग्याची फलनसाखळी काढावी; मॅलॉक, त्यावर संकेताचे फलन आणि त्यावर पुन्हा मॅलॉक अशी उतरंड दिसली, म्हणजे निदान झाले.

उपाय सुटसुटीत आहे: संकेताच्या फलनाने केवळ एक खूण उभी करावी आणि मुख्य आवर्तनाने ती पाहून फाइल नीट मिटवावी. दुरुस्ती लागू पडली हे ठरविणे अधिक कठीण. दोष हजारांत एकदा घडत असेल, तर १,००० निर्विघ्न प्रयत्नांनंतरही तो केवळ दृष्टिआड राहिल्याची संभाव्यता सुमारे ३७ टक्के उरते. ३,००० प्रयत्नांनंतर ती सुमारे ५ टक्क्यांवर येते.