राजुरीचा वर्ग आणि विहिरीवरची मोटर

जुन्नर तालुक्यातल्या राजुरीत सह्याद्री व्हॅली अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाला संगणक शाखेच्या मुलांनाही मूलभूत विद्युत अभियांत्रिकी होती, आणि ते योग्यच.

त्यातले किरचॉफचे नियम १८४५ सालचे. मांडले तेव्हा किरचॉफ स्वतः विद्यार्थी होता!

या विषयाचा खरा पडताळा शिवारात येतो. व्होल्टेज उतरलं, तरी पाणी तेवढंच उपसायचं असतं. मग मोटर जादा करंट ओढते. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट २० टक्के वाढला, की वाइंडिंगमधली उष्णता ४४ टक्क्यांनी चढते. मोटर जळते ती अशी.

लांबच्या विहिरीपर्यंत बारीक केबल ओढली, तर तिच्यातही व्होल्टेज पडतं. म्हणून केबलची जाडी अंतर मोजूनच ठरवा.