कामालाही वेस हवी

विद्यार्थिदशेत एखादे वर्ष असे येते की कॅलेंडर बदलले तरी ते मागे हटत नाही. घरातले आजारपण, बुडालेले पीक, वडिलांची सुटलेली नोकरी, राहून गेलेले विषय, कारण काहीही असो, वर्ष सरते आणि साचलेल्या कामाचा डोंगर तेवढा उभा राहतो. अशा वेळी बहुतेक जण एकच संकल्प सोडतात, ‘यंदा रात्रीचा दिवस करायचा!’ हा शब्दप्रयोग आपण कौतुकाने वापरतो. परंतु जो आधीच थकला आहे, त्याने रात्रीचा दिवस केला तर त्याच्या दिवसाचे काय होते, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘बर्नआउट’ या अवस्थेची व्याख्या दिली. आजार म्हणून नव्हे, तर नोकरी-व्यवसायातील दीर्घ व न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. तिची लक्षणे तीन : शक्ती संपून गेल्याची भावना, कामाविषयी मनात आलेला दुरावा आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही जाणीव. ही व्याख्या नोकरीपुरती आहे हे खरे. पण पुस्तक उघडे ठेवून तासभर एकाच पानावर बसणाऱ्या विद्यार्थ्याला ही तिन्ही लक्षणे अनोळखी वाटणार नाहीत.

यावर उपाय काय? पूर्वी गावाला वेस असे. दिवसभर वर्दळ चाले. रात्री वेशीचे दार बंद होई आणि गाव निर्धास्त झोपे. कामालाही अशीच वेस लागते. मात्र ती कोणा एकट्याच्या निश्चयावर उभी राहत नाही, ही गोष्ट आपल्याच मुंबईच्या इतिहासाने शिकवली आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कापड गिरण्यांत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. हक्काची साप्ताहिक सुटी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी व ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली. त्याच वर्षी सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारची सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. १८९० च्या एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री कामगारही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. त्यापूर्वी एखाद्या कामगाराने स्वतःपुरता रविवार पाळला असता, तर त्याची मजुरी बुडाली असती. सर्वांनी मिळून मागितला, तेव्हाच तो सर्वांचा झाला.

पण कथा येथे संपत नाही. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची जी नैसर्गिक वेस होती तीच मोडली. कामाचे तास चौदा-पंधरांवर गेले. शेवटी १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचे काम दिवसाला १२ तासांवर आणले. १९२२ साली ते ११, १९३४ साली १० आणि १९४८ साली ९ तासांवर आले. एक वेस मोडली तेव्हा दुसरी विचारपूर्वक बांधावी लागली. आज आपल्या खिशातला मोबाईल हा तसाच एक दिवा आहे. वर्गाची घंटा झाली, घराचे दार लागले, तरी निरोप येतच राहतात.

‘पण वेळ कमी केला तर काम कसे उरकणार?’ ही शंका रास्त आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांची पाहणी करण्यासाठी १९१५ साली एक समिती नेमली गेली. तिला आढळले, की आठवड्याचे तास कमी केल्यावर काही ठिकाणी एकूण उत्पादन वाढलेच. अभ्यासाचेही तसेच आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच दिवशी ६८ वेळा केलेल्या पाठांतराने जे साधले, तेच तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ वेळांनी साधले. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण येथे आकड्यांनिशी खरी ठरते.

मग सुरुवात कोठून करावी? प्रथम साचलेल्या कामाची यादी कागदावर उतरवावी आणि तिचे तीन भाग पाडावे : आत्ताच करायचे, थांबू शकणारे आणि सोडून द्यायचे. तिसरा भाग रिकामा ठेवू नये. अंथरूण पाहून पाय पसरावे ही शिकवण वेळेलाही लागू आहे. दुसरे, अभ्यास सुरू करण्याच्या वेळेइतकीच तो थांबवण्याची वेळही ठरवावी. थांबताना उद्याचे पहिले काम चिठ्ठीवर लिहावे, म्हणजे ते रात्रभर डोक्यात घोळत राहत नाही. तिसरे, आठवड्यातील निदान अर्धा दिवस मोकळा असावा. आणि चौथे, जे सर्वांत महत्त्वाचे, आपली वेळ घरच्यांना व मित्रांना स्पष्ट सांगावी. न सांगितलेली वेस कोणालाच दिसत नाही.

मात्र आपल्यापैकी अनेकांच्या हाती स्वतःचे तास नसतात. कोणी दुकानात काम करून शिकतो. कोणा मुलीला महाविद्यालयातून घरी जाताच चूल सांभाळावी लागते आणि ते ‘काम’ म्हणून मोजलेही जात नाही. त्यांना ‘लवकर झोप’ असा उपदेश करणे सोपे आहे. त्यांची वेस बांधायची तर इतरांनी हात लावला पाहिजे. भावाने भांडी घासावीत, मित्राने टिपणे द्यावीत, ग्रंथालय सायंकाळी थोडे उशिरापर्यंत उघडे राहावे. गुरुजनांसही नम्र विनंती, की रात्रीच्या निरोपाने सकाळचे काम सांगितले जाऊ नये आणि सर्व विषयांची टिपणवही एकाच आठवड्यात मागितली जाऊ नये.

जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. उद्या आपण शिक्षक, कारकून, पत्रकार, अधिकारी होऊ. कोणाच्या तरी हाताखाली राहू, कोणी आपल्या हाताखाली राहील. आज जी सवय जडेल तीच तेथे बरोबर येईल. स्वतःची वेस राखणारा दुसऱ्याची वेस ओलांडताना एकदा तरी थबकेल. मित्रहो, गेले वर्ष कठीण गेले असेल, तर त्याची भरपाई येत्या वर्षाच्या झोपेतून करू नका. ज्या रविवारी आपण निवांत उठतो, तो कोणीतरी सहा वर्षे झगडून मिळवला आहे, याची आठवण असू द्या.