प्रतिध्वनीची मोजपट्टी

पडणाऱ्या वस्तूचा वेग कसा वाढतो हे गॅलिलिओला मोजावयाचे होते. परंतु सेकंदाचे अंश दाखविणारे घड्याळ त्याच्याजवळ नव्हते. म्हणून त्याने गतीच मंद केली. तिरप्या फळीवरून गोळा सोडला आणि भांड्यातून गळलेल्या पाण्याच्या वजनावरून काळ ठरविला. समान कालखंडांत गोळा १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतरे तोडतो, हा नियम त्याला असा गवसला. आमच्या शाळांत मात्र हा नियम बहुधा फळ्यावरच राहतो. आणि प्रयोगवहीत उत्तर आधी व वाचने मागाहून, असा उलटा क्रम अंगवळणी पडतो.

हा क्रम सुलटा करणारा एक संवेदक आता दीडशे रुपयांच्या आत मिळतो. त्याचा एक डोळा सेकंदास ४०,००० कंपनांचा, म्हणून आपणांस ऐकू न येणारा, ध्वनी सोडतो. दुसरा त्याचा प्रतिध्वनी टिपतो. वटवाघूळ अंधारात असेच वाट काढते. जाण्यायेण्याच्या काळास ध्वनीच्या वेगाने गुणून निम्मे केले की अंतर मिळते. लहानसा नियंत्रक जोडला म्हणजे सेकंदास वीस नोंदी संगणकावर उतरतात. हा संवेदक फळीच्या माथ्यावर बसवून खेळण्यातली गाडी सोडावी आणि पाव सेकंदागणिक अंतरे मांडावी. गॅलिलिओचे प्रमाण मुलांस स्वतःच सापडते.

खरा धडा मात्र पुढेच आहे. ध्वनीचा सेकंदास ३४३ मीटर हा वेग २० अंश तापमानाचा. हिंगोलीच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर गेला की तो सुमारे ३५५ मीटर होतो. जुनाच आकडा धरल्यास मीटरभर अंतर ९७ सेंटिमीटर भरते. येथे दोष साधनाचा नव्हे, आपल्या गृहीताचा.

याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तेथे ध्वनीऐवजी लेसरचा प्रकाश काटकोनातील चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून ये-जा करील. अमेरिकेतील अशाच वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वलहर प्रथम टिपली, तेव्हा भुजेच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी लहान होता. इतके सूक्ष्म मोजावयाचे तर आधी आपल्याच मापनातील खोट हुडकावी लागते.

ही वेधशाळा आमच्या मुलांनी केवळ कुंपणाबाहेरून पाहावी काय? आलेले ९७ खोडून वहीत १०० लिहिण्याची सवय लागली, तर तसेच होईल. ९७ का आले, हे विचारण्यास त्यांना आजच शिकविले पाहिजे.