माळरानावरच्या विजेची चाळीस वर्षं

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, कॅलिफोर्नियाच्या सीमेपासून जवळच, क्वार्ट्झसाइट नावाचं छोटंसं गाव आहे. ऐन उन्हाळ्यात तिथे कुणी फारसं फिरकत नाही. थंडी पडू लागली की मात्र उत्तरेकडच्या राज्यांतून आणि कॅनडातून मोटरहोम आणि ट्रेलरांची रीघ लागते. बर्फ चुकवायला निघालेली, बहुतांशी निवृत्त झालेली ही मंडळी गावाबाहेरच्या सरकारी माळरानावर मुक्काम ठोकतात. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याने 1983 मध्ये या मुक्कामांसाठी दीर्घकालीन परवान्याची पद्धत सुरू केली. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल हा तिचा हंगाम. या परवान्यावर गाडी उभी करायला जागा मिळते, विजेची जोडणी मिळत नाही. प्रत्येकाने आपापली वीज आपणच पाहायची.

सुरुवातीच्या काळात ही वीज म्हणजे शिसं आणि ॲसिड. लोडशेडिंगच्या दिवसांत आपल्याकडे घरोघरी जी इन्व्हर्टरची बॅटरी आली, तिचीच ही भावंडं. जाणत्या लोकांची पसंती गोल्फ कार्टमधल्या 6 व्होल्टच्या बॅटऱ्यांना असे. दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या की 12 व्होल्ट आणि सुमारे 220 अँपिअर-तास मिळत. वजन प्रत्येकी 28 किलोच्या आसपास, शिवाय वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घालायची जबाबदारी. कागदावर हा साठा अडीच युनिटांहून थोडा जास्त, पण बॅटरी टिकवायची तर निम्म्याखाली उतरवायची नाही हा दंडक होता. म्हणजे हाती सव्वा-दीड युनिट. त्यातही पारा शून्यावर आला की क्षमता साधारण वीस टक्क्यांनी घटते. पूर्ण उतरलेली बॅटरी तर शून्याखाली काही अंशांतच गोठते आणि तिचं कवच तडकू शकतं. भरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. म्हणून रात्री झोपण्यापूर्वी व्होल्टमीटर पाहणं हा त्या पिढीचा नेम होता.

त्या मीटरचा काटा सर्वांत जास्त खाली नेई तो फर्नेसचा पंखा. फर्नेस पेटते प्रोपेनवर, पण गरम हवा घरभर ढकलणारा पंखा बॅटरीवर चालतो आणि सात-आठ अँपिअर ओढतो. डिसेंबरमध्ये तिथली रात्र जवळजवळ चौदा तासांची असते. थर्मोस्टॅटच्या तालावर पंखा चालू-बंद होत एकूण सहा तास जरी फिरला, तरी चाळीस-पंचेचाळीस अँपिअर-तास गेले. वापरण्याजोग्या साठ्यातला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग असा नुसती हवा ढकलण्यात संपे. यावरचा तोडगा माळावरच्या लोकांनी लवकरच शोधला: बिनपंख्याचा कॅटॅलिटिक गॅस हीटर. त्याला वीज लागत नाही. पण तो खोलीतलाच ऑक्सिजन वापरतो, त्यामुळे खिडकी बोटभर उघडी ठेवणं आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू असणं अनिवार्य.

भरणा व्हायचा जनरेटरवर. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची, एरवी त्याची घरघर ऐकायची. शिशाच्या बॅटरीची खोड अशी की ती ऐंशी टक्क्यांपर्यंत भराभर भरते आणि उरलेल्या वीस टक्क्यांना कित्येक तास घेते. ते वीस टक्के वारंवार अर्धवट सोडले तर पत्र्यांवर सल्फेट साचून बॅटरी अकाली मरते. सौर पॅनल आल्यावर या दुखण्यावर सोपा उपाय मिळाला: सकाळी तासभर जनरेटर, मग दिवसभर उन्हाची सावकाश धार.

मात्र पॅनल सर्वांच्या आवाक्यात यायला फार वेळ लागला. 1977 मध्ये सौर सेलची किंमत वॅटमागे 76 डॉलरच्या घरात होती. पुढच्या चार दशकांत ती एका डॉलरच्याही खाली आली, तेव्हा कुठे मोटरहोमच्या छपरावर तीनशे-चारशे वॅट ही साधी गोष्ट झाली. पण हिवाळ्याचं ऊन कलतं. क्वार्ट्झसाइटला 21 डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 33 अंश वर येतो. छपरावर आडव्या पडलेल्या पॅनलला त्या वेळी थेट उन्हाचा निम्म्याहून किंचित जास्त भाग मिळतो. म्हणून शिडी लावून वर चढायचं, पॅनलची एक बाजू उचलून टेकूवर बसवायची, तोंड दक्षिणेला करायचं. एवढ्या खटाटोपाने दिवसाचा भरणा दीडपटीहून अधिक होतो. जोराचा वारा सुटला की पुन्हा वर चढून तेच पॅनल आडवं करायचं.

याच काळात एक बदल फारसा गाजावाजा न होता झाला. छतातला अठरा वॅटचा दिवा गेला आणि दोन-तीन वॅटचा एलईडी आला. संध्याकाळी पाचनंतर अंधार पडणाऱ्या ऋतूत या एका बदलाने जेवढी वीज वाचवली, तेवढी मिळवायला एरवी पॅनल वाढवावं लागलं असतं.

मग आली लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. तिचं रसायन टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने 1997 मध्ये मांडलं, पण मोटरहोमच्या कपाटात ती रुळायला पुढची दोन दशकं जावी लागली. शंभर अँपिअर-तासांचं वजन बारा-तेरा किलो, जवळजवळ सगळा साठा वापरण्याची मुभा, आयुष्यात हजारो वेळा भरण्याची ताकद, आणि अर्धवट भरली तरी तक्रार नाही. पाणी घालणं संपलं, ॲसिडचा वासही संपला. थंडीने मात्र तिलाही एका अटीत अडकवलं. शून्याखाली तिच्यातून वीज काढता येते, पण तिला भरता येत नाही. तशी भरली तर लिथियम धातूचा थर आत साचतो आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. म्हणून तिचं रक्षक सर्किट थंडीत चार्जिंग तोडतं. कोलोरॅडो किंवा युटाच्या उंच भागांत मुक्काम करणाऱ्यांना याचा अनुभव सकाळीच येतो: बाहेर लख्ख ऊन, पॅनल तयार, आणि बॅटरी एक थेंबही घ्यायला राजी नाही. त्यामुळे ट्रेलरच्या बाहेरच्या पेटीत राहणारी बॅटरी आता पलंगाखाली, घराच्या उबेत आली आहे. काहींना तर स्वतःचा गरम होणारा पॅडही असतो.

इतकं सगळं झाल्यावर वीज उरायला हवी होती. पण साठ्यापाठोपाठ खर्चही वाढला. 2022 मध्ये स्टारलिंकने मोटरहोमवाल्यांसाठी खास सेवा सुरू केली. ती अँटेना पन्नास-पंचाहत्तर वॅट घेते. चोवीस तास चालू ठेवली तर दिवसाला सव्वा ते पावणेदोन युनिट. गोल्फ कार्टच्या दोन बॅटऱ्यांवर जो सव्वा-दीड युनिट साठा हाती येई, तो आता एकट्या इंटरनेटला अपुरा पडू शकतो. शिवाय गॅसवरचा फ्रिज जाऊन कॉम्प्रेसरचा आला, इंडक्शन शेगडी आली, कॉफी मशीन आलं.

हिशेब आजही तोच आहे. चारशे अँपिअर-तासांची लिथियम बँक म्हणजे पाच युनिट. दीड हजार वॅटचा एक हीटर लावला की ती सव्वातीन तासांत रिकामी. रात्र मात्र चौदा तासांची. त्यामुळे ऊब गॅसवरच घ्यावी, बॅटरी दिवे, पंप आणि पंख्यासाठी राखावी, आणि नवं उपकरण गाडीत चढवण्याआधी त्याचे वॅट गुणिले तास कागदावर मांडावेत. मोठी बॅटरी विकत घेणं हा त्यानंतरचा निर्णय आहे.